आधी हळू पळायला शिकवा

पहिल्या हाफ मॅरेथॉनच्या तयारीला लागलेली माणसं मी दरवर्षी मोडताना पाहतो, आणि बहुतेक जण एकाच कारणाने मोडतात. रोज फार जोरात पळतात. खुराक, बूट, वय, उंची ही सगळी नंतरची भांडणं. बुलढाणा जिल्ह्यात वरवट बकालहून संग्रामपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे अंधारात पळणाऱ्यांची जी रांग लागते, तिच्यात मी असतो. तिथे पोलीस भरतीची पोरं असतात, अग्निवीरची असतात. भरतीचं वय निघून गेलेले, आता कृषी केंद्र किंवा मेडिकल चालवणारे, शाळेत शिकवणारेही असतात. ही मंडळी २१ किलोमीटर पळायचं ठरवतात, पहिल्या दिवशी पाच किलोमीटर जीव तोडून पळतात, दुसऱ्या दिवशी त्याहून जोरात, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पायाची नळी धरून बसतात. मग घरचे म्हणतात, "तुले सांगतलं होतं, हे आपलं काम नोहे." हे आपलंच काम आहे. ते शिकवणाऱ्यांनी चुकीचं शिकवलं आहे, आणि माझं भांडण त्यांच्याशी आहे.

आमच्याकडे पळायला शिकवतं कोण, तर भरतीची अकादमी. तिचा सगळा कारभार एका आकड्याभोवती फिरतो. पोलीस भरतीत पुरुष उमेदवार १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत किंवा त्याआधी पळाला तर २० पैकी २० गुण. पुढे प्रत्येक टप्प्यावर गुण कापले जातात. महिलांना ८०० मीटर, पूर्ण गुणांसाठी २ मिनिटं ५० सेकंद. या आकड्यांना मी नावं ठेवत नाही. तीन-चार एकर कोरडवाहू कपाशी-सोयाबीनवर ज्यांचं घर चालतं, त्यांच्या पोराला वर्दी म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगू नये. थोडक्यात गुण हुकलेली पोरं माझ्यासमोर रडली आहेत. पण जो माणूस पाच मिनिटांच्या परीक्षेची तयारी करून घेतो, तोच आता त्याच शिट्टीने, त्याच स्टॉपवॉचने सव्वादोन-अडीच तासांच्या शर्यतीची तयारी करून घेऊ लागला आहे, आणि त्याचे पैसेही घेतो. हे मला मान्य नाही.

हिशेब मांडून पाहा. १६०० मीटरला ५:१० म्हणजे किलोमीटरला ३ मिनिटं १४ सेकंद. या वेगाने कुणी हाफ मॅरेथॉनचे पूर्ण २१.०९७५ किलोमीटर पळालं, तर शर्यत १ तास ८ मिनिटांत संपेल. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२० साली दिल्लीत ही शर्यत १ तास ३० सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. ६१ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय. त्याचा वेग किलोमीटरला २ मिनिटं ५२ सेकंद. म्हणजे अकादमीच्या पोराच्या डोक्यात बसवलेला वेग आणि साबळेच्या विक्रमाचा वेग यांत किलोमीटरमागे जेमतेम २२ सेकंदांचा फरक. हा वेग डोक्यात घेऊन गावातलं पोरगं आठ-दहा किलोमीटरच्या धावेला निघतं. तीन किलोमीटरवर त्याची छाती फुटायला येते, पाचव्यावर ते कंबर धरून उभं राहतं, आणि शिकवणारा ओरडतो, "दम मार, दम!" दम मारून काहीही होत नाही. वेगच चुकला आहे.

थोडी वाचणारी मंडळी वेगळ्या वाटेने त्याच खड्ड्यात पडतात. ती मोबाइलमध्ये आपली १६०० मीटरची वेळ टाकतात आणि मोबाइल त्यांना हाफ मॅरेथॉनची वेळ काढून देतो. त्यामागचं सूत्र बहुतेक वेळा पीट रीगल या अमेरिकन इंजिनियरचं असतं, १९७७ सालचं. अंतर ज्या पटीत वाढतं, तिच्या १.०६ व्या घाताने वेळ वाढतो, असं ते सांगतं. साडेपाच मिनिटांत १६०० पळणाऱ्याला या सूत्राने १ तास २५ मिनिटांच्या आतली हाफ मॅरेथॉन मिळते. सूत्र प्रामाणिक आहे. पण दोन्ही अंतरांची सारखीच तयारी झालेल्या माणसाला ते लागू पडतं. जो जन्मात सलग आठ किलोमीटर पळालेला नाही, त्याला त्यातून आलेला आकडा देणं म्हणजे त्याला फसवणं आहे, आणि तो आकडा डोळे झाकून पुढे सरकवणारा शिक्षक त्या फसवणुकीत सामील आहे.

जोरात पळाल्याने नेमकं काय बिघडतं, हेही कुणी सांगत नाही. लांब अंतर पळायला शरीराला ऑक्सिजन वापरायची सवय लागते. हृदयाने एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकावं लागतं, स्नायूंत केशवाहिन्या वाढाव्या लागतात, पेशींमध्ये इंधन जाळण्याची क्षमता वाढावी लागते, आणि साठवलेल्या साखरेबरोबर चरबीही जाळायची सवय अंगाला लागावी लागते. हे सगळं हलक्या वेगात, लांब वेळ पळून होतं. जोरात पळालं की स्नायू साखर भराभर संपवतात, धाप लागते, आणि धावच वीस मिनिटांत आटोपते. मग हे बदल घडायला वेळच मिळत नाही. आमच्या काळ्या मातीत भिजपाऊस मुरतो. २०२३ च्या जुलैत संग्रामपूर-जळगाव जामोदात ढगफुटीसारखा कोसळला तो माती घेऊन गेला. पोरांच्या अंगात मेहनत मुरवायची असेल तर ती तशीच, थेंबाथेंबाने द्यावी लागते.

त्यात आणखी एक गोम आहे. छाती काही आठवड्यांत सुधारते. हाडं, स्नायुबंध आणि घोट्यामागची शीर यांना महिने लागतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यात पोराला वाटतं, आता मी तयार झालो. दम टिकतो आहे, मग अजून जोर लावू. नळी मात्र तयार झालेली नसते. ही दुखापत मी हाताने तपासतो. पोराला पायरीवर बसवायचं, पायाच्या नळीच्या आतल्या कडेवरून अंगठा खालून वर सरकवायचा. वीतभर पट्ट्यात सगळीकडे सारखं दुखत असेल तर काही दिवस विश्रांती आणि मग वेग कमी. पण अंगठा एका जागी, रुपयाएवढ्या जागेवर आला आणि पोरगं पाय झटकून ओरडलं, तर तिथे हाडाला बारीक चीर पडलेली असू शकते. त्याने पळणं त्या क्षणी थांबवून हाडांच्या डॉक्टरकडे जायला हवं. अशा पोराला "पट्टी बांध आन् उद्या ये" म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्या पोराचं भरतीचं वर्ष गेलं. हाफ मॅरेथॉन तर लांबच.

मला नेहमी उलट विचारलं जातं की हळू पळून वेग येतो कसा. उत्तर साठ वर्षांहून जुनं आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये आर्थर लिडियार्ड नावाचा माणूस बुटांच्या कारखान्यात काम करायचा, वर दुधाचा रतीबही घालायचा. त्याने आधी स्वतःवर प्रयोग केले, मग आसपासच्या पोरांना शिकवलं. त्याच्या पोरांपैकी पीटर स्नेल ८०० मीटर पळायचा आणि मरी हालबर्ग ५००० मीटर. २ सप्टेंबर १९६० रोजी, रोम ऑलिंपिकमध्ये, एकाच दिवशी दोघांनी सुवर्ण जिंकलं. ८०० मीटर ही पावणेदोन मिनिटांची शर्यत. तिच्यासाठी लिडियार्ड स्नेलला आठवड्याला शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर, पळवायचा; त्यात वायटाकेरेच्या डोंगरातली ३५ किलोमीटरची फेरी असायची. ही सगळी धाव धापेच्या अलीकडची, दुसऱ्या दिवशी पुन्हा पळता येईल अशी. ट्रॅकवरचं जोरदार काम शेवटच्या काही आठवड्यांत. पावणेदोन मिनिटांच्या शर्यतीला ज्याने असा पाया घातला, त्याचा धडा आपल्या अकादम्यांनी दोन तासांच्या शर्यतीलाही घेऊ नये, हे अक्षम्य आहे.

याच लिडियार्डने पुढे हृदयविकारातून उठलेल्या, पोट सुटलेल्या, साठी-सत्तरीच्या माणसांना पळायला लावलं. त्यांना नियम एकच: पळताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. १९६२ च्या अखेरीस ओरेगनचा प्रशिक्षक बिल बावरमन, जो पुढे नाइके कंपनीचा सहसंस्थापक झाला, तिकडे पाहुणा गेला. एका सकाळी या मंडळींसोबत तो पळायला निघाला आणि सत्तरी ओलांडलेल्या एका हृदयरोग्याच्या मागे पडला. परत जाऊन त्याने अमेरिकेला जॉगिंग शिकवलं. अलीकडे नॉर्वेत काम करणाऱ्या स्टीफन सायलर या संशोधकाने स्कीइंग, रोइंग, सायकल, धावणं अशा खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. पाचांपैकी चार सराव हलके, एक जोरदार, असंच साधारण प्रमाण पुन्हापुन्हा निघालं. जगातले सर्वोत्तम खेळाडू पाचांतले चार सराव हलके करतात, आणि वरवटचं पोरगं सहाच्या सहा दिवस जिवावर उदार होऊन पळतं. याला मेहनत म्हणायला मी तयार नाही.

मग योग्य वेग काढायचा कसा? घड्याळ नंतर. आधी तोंड वापरा. माझ्यासोबत पळणाऱ्याला मी सांगतो, आपल्या तालुक्यातली गावं म्हण: पातुर्डा, वानखेड, बावनबीर, टुनकी, सोनाळा. पाचही नावं न अडखळता, मध्ये श्वास न तोडता म्हणता आली, आणि वर त्या गावातला नातेवाईक कोण हेही सांगता आलं, तर वेग बरोबर आहे. बावनबीरला धाप लागली तर वेग कमी कर. कमी करूनही जमत नसेल तर एक मिनिट चाल, मग पुन्हा पळ. चालणं म्हणजे हरणं नव्हे. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १० हजार मीटर पळालेला जेफ गॅलोवे अर्धं आयुष्य लोकांना हेच शिकवत राहिला: थोडं पळा, थोडं चाला, आणि चालायला दमायच्या आधीच सुरुवात करा.

ज्यांना आकडाच हवा, त्यांनी तो स्वतःच्या आजच्या ताकदीवरून काढावा. महिनाभर हलकं पळून झाल्यावर, थंड सकाळी, सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर जोर लावून पळा आणि वेळ टिपा. समजा ३० मिनिटं लागली. रीगलच्या सूत्राने हाफ मॅरेथॉन येते २ तास १८ मिनिटं, किलोमीटरला साधारण ६:३२. पहिल्याच शर्यतीसाठी हाही आकडा चढा आहे. मी अशा माणसाला पावणेसात मिनिटांनी सुरुवात करायला सांगतो. रोजच्या सरावाचा वेग मात्र याहून बराच कमी, किलोमीटरला सव्वासात ते आठ मिनिटं. इथेच सगळे माझ्याशी भांडतात. "सर, आठ मिनिटं? हे का पळनं होय?" होय, हेच पळणं आहे. आठवड्यातून एकदा लांब धाव, तीही याच वेगात किंवा याहून हळू, दर आठवड्याला थोडी वाढवत सोळा-अठरा किलोमीटरपर्यंत न्यायची. आठवड्यातून एक दिवस, तोही पाया बसल्यावर, थोडा वेळ शर्यतीच्या वेगाने किंवा त्याहून किंचित जोरात. बाकी दिवस गप्पा मारत. पाच किलोमीटरला ३० मिनिटं घेणाऱ्याने मित्राचं पाहून "दोन तासांच्या आत" असं ध्येय ठेवायचं कारण नाही. दोन तास म्हणजे किलोमीटरला ५:४१, अख्खे २१ किलोमीटर. त्याचं पाच किलोमीटरच आज सहा मिनिटांच्या वेगाने होतं आहे.

पोरांना हे पटत नाही असं नाही. त्यांना लाज वाटते. एकाने मला सरळ सांगितलं, "सर, एवढं हळू पळालं तं लोकं हासतात. चहावाला बी म्हनते, चालूनच जाय ना मंग." ही लाज मोबाइलने आणखी वाढवली आहे. सकाळची धाव संपायच्या आत तिचा आकडा ग्रुपवर पडतो, खाली अंगठे येतात, आणि उद्याचा आकडा आजच्याहून खाली आणायची सक्ती स्वतःवर लादली जाते. सकाळचा सराव ही रोजची स्पर्धा झाली की शरीर सावरणार कधी? मी माझ्यासोबतच्यांना हलक्या दिवशी घड्याळ घरी ठेवायला सांगतो. जे ऐकतात ते सहाव्या महिन्यात पळत असतात.

आता उन्हाचं. हा मजकूर पुण्या-नाशिकच्या थंड पहाटेसाठी लिहिला असता तर इथे थांबता आलं असतं. पूर्णेचं हे खोरं वेगळं आहे. एप्रिल-मेमध्ये शेजारच्या अकोल्याचा पारा ४५ च्या घरात जातो, आमच्याकडे पहाटे पाचलासुद्धा भिंती गरम असतात. उष्ण हवेत शरीर बरंचसं रक्त कातडीकडे पाठवतं, अंग थंड ठेवायला. स्नायूंना पोचवायला हृदयाला तेवढं जास्त धडधडावं लागतं. जानेवारीत सहज जमलेला वेग मे महिन्यात शर्यतीसारखा महाग पडतो. म्हणून उन्हाळ्यात आकडे फेकून द्या, तोंडाची परीक्षा तेवढी ठेवा. उष्णतेची सवय व्हायला दोनेक आठवडे जातात. सुट्टीत पुण्याहून आलेल्या पोराने दुसऱ्याच दिवशी गावच्या पोरांच्या बरोबरीने पळू नये. पळताना थंडी वाजली, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर तो उष्माघात समजा. सावली, अंगावर भरपूर पाणी, आणि लगेच दवाखाना. "बस थोडा वेळ" हे उत्तर नाही.

आणि एक गोष्ट आमच्या भागात जोरात सांगायची गरज आहे. हा खारपाणपट्टा आहे. वान धरणाच्या १४० गाव योजनेचं पाणी यायच्या आधी इथल्या पिढ्यांनी बोअरचं खारं पाणी प्यालं, आणि संग्रामपूर-जळगाव जामोदच्या गावागावांत किडनीचे पेशंट आहेत. अशा मुलखात पोरं धावायच्या आधी दुखणं दाबायची गोळी घेऊन येतात. मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळते, मित्र देतो, आणि काही ठिकाणी तर शिकवणाराच देतो. या गोळ्या किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात. अंगातलं पाणी घामाने गेलेलं, स्नायू जोरात पळून फुटलेले, त्यांचा कचरा रक्तात, आणि वरून ही गोळी. किडनी बसवायला याहून वाईट योग शोधून सापडणार नाही. दुखतं म्हणून गोळी घेऊन पळायचं असेल तर त्या दिवशी पळूच नका. जो शिक्षक पोराच्या हातावर गोळी ठेवतो, त्याला मैदानावर पाय ठेवायचा अधिकार नाही.

ऊन, आकडा आणि अपुरी तयारी एकत्र आली की काय होतं, हे आपण पाहिलेलं आहे. जून २०१४ मध्ये मुंबई पोलीस भरतीत पुरुषांना पाच किलोमीटर पळावं लागायचं. त्या उकाड्यात काही उमेदवारांचा जीव गेला. पुढे अंतर कमी झालं, आता १६०० मीटर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपाई भरतीला पुरुषांना दहा किलोमीटर एका तासात पळायचे होते, आणि दहाहून जास्त उमेदवार मेले. दहा किलोमीटर एका तासात म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं. कागदावर हा वेग कुणालाही सोपा वाटेल, पण पाया नसलेल्या माणसाला ऑगस्टच्या दमट उन्हात तो परवडत नाही. मेलेली पोरं परीक्षेची तारीख आली म्हणून पळाली. तुमच्या हाफ मॅरेथॉनला अशी कोणतीही सक्ती नाही. तिथे कुणी गुण कापणार नाही. मग ही मरणाची घाई कशासाठी?

बायकांबद्दल वेगळं लिहावं लागतं, कारण त्यांचा वेग त्यांच्या हातातच नसतो. रस्त्याच्या कडेने पळणाऱ्या मुलीला मागून येणारा ट्रक, कुत्रं, मोटारसायकलवरची पोरं आणि "काहून पळून रायली वं, घरी काम नाही का?" हे सगळं सोसत पळायचं असतं. ती भीतीने जोरात पळते आणि लवकर थांबते. तिला शांतपणे चाळीस मिनिटं पळायला जागाच मिळालेली नाही. उलट ज्या बायका रोज शेतात चालत जातात, कापूस वेचून डोक्यावर गाठोडं घेऊन परततात, त्यांचा पाया अकादमीच्या पोरांपेक्षा पक्का असतो. त्यांना चालण्यातून हळूहळू पळण्याकडे न्या, चौघी-पाच जणींचा गट करा, शाळेचं पटांगण सकाळी उघडं ठेवा. पटांगणाला कुलूप लावून मुलींना हायवेवर पळायला लावणाऱ्या संस्थाचालकांनी आरशात बघावं.

भाषणांत सांगितल्या जाणाऱ्या एका गोष्टीनेही बरंच नुकसान केलं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत डोंगरातून पाणी आणायची, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर दुष्काळातून आली, आणि दोघी जिद्दीने देशासाठी पळाल्या. सगळं खरं. पण वक्ता इथेच थांबतो आणि पोरांच्या डोक्यात एवढंच राहतं की जिद्द धरली, जिवाच्या आकांताने पळालं की झालं. कविता राऊतने शाळेच्या वयापासून नाशिकला विजेंदर सिंग यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं मोजूनमापून सराव केला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं १० हजार मीटरचं कांस्य त्या वर्षांतून आलं. ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, तीही अशाच शिस्तीतून. या दोघींची गरिबी सांगायची आणि त्यांची सरावाची वर्षं गाळायची, हा त्यांचाही अपमान आहे आणि समोर बसलेल्या पोरांचाही.

आमच्या मुलखात हे कळणारी माणसं नाहीत असंही नाही. शेगावहून गजानन महाराजांची पालखी आषाढीला पंढरपूरला निघते, महिनाभर रोज ठरलेला पल्ला चालते. पहिल्याच दिवशी दोन मुक्काम कुणी ओलांडत नाही. वरवटहून पायी शेगावला जाणारे तर आमच्या घराघरांत आहेत. वीस-पंचवीस किलोमीटर, पूर्णेचा पूल ओलांडून, बोलत बोलत. एवढं अंतर पायाखाली घालायची अक्कल ज्याच्या आजीला आहे, त्या पोराला पळताना ती सोडून द्यायला शिकवलं जातं.

शर्यतीच्या दिवशीचं थोडक्यात. सपाट रस्त्यावर काढलेला वेग घेऊन साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला जाऊ नका. यवतेश्वरचा घाट त्या आकड्याला जुमानत नाही. मुंबईला जानेवारीत गेलात तर हवा दमट असते आणि पेडर रोडचा चढ शर्यतीच्या उत्तरार्धात येतो. पहिले पाच किलोमीटर ठरवलेल्या वेगाहून मुद्दाम हळू. गर्दी, ढोल, कॅमेरे यांच्या नादाने सुरुवातीला मिळवलेलं एक मिनिट सोळाव्या किलोमीटरनंतर दहा मिनिटांनी परत द्यावं लागतं. पंधरा किलोमीटरनंतरही पातुर्डा ते सोनाळा म्हणता येत असेल, तर तिथून जोर लावा.

बाकी माझी मागणी अकादमी चालवणाऱ्यांकडे आहे. भरतीची तुकडी आणि लांब पल्ल्याची तुकडी वेगळी करा. लांब पल्ल्याच्या तुकडीसमोर आठवड्यातून एकाच दिवशी स्टॉपवॉच काढा, बाकी दिवस शिट्टी खिशात ठेवा. प्रत्येकाची वही ठेवा: किती मिनिटं पळाला, कुठे दुखलं, झोप किती झाली. उन्हाळ्यात साडेसहाच्या पुढे पळणं बंद, सोबत पाणी आणि एक गाडी. गोळी कुणाच्याही खिशात दिसली तर त्या दिवशी घरी पाठवा. भरतीच्या पोरांनाही सुरुवातीचे दोन महिने हाच हलका पाया द्या; त्यांची १६०० ची वेळ त्यानेच खाली येईल, स्नेलची आली तशी. आणि आईबापांनो, पोराला कुठेही घालायच्या आधी तिथल्या सरांना एवढंच विचारा: आठवड्यातले किती दिवस हळू पळवता? उत्तर "एकही नाही" असं आलं, किंवा सर हसले, तर भरलेली फी परत मागा आणि पोरगं घेऊन घरी या.